पहाडी कापणारे पॅकेज

चंद्रपूरच्या एका दैनिकात मी अकरा वर्षे उपसंपादक होते. टेबलावरची शिस्त साधी होती. एकाच घटनेच्या दोन प्रती आल्या आणि त्यांत फरक असला, तर वाचकापुढे एकच जायची. कोणती, ते उपसंपादकाने ठरवायचे आणि पान सोडायचे. ठरवता आले नाही तर दोन्हींच्या मधले काहीतरी लिहायचे. 'सुमारे' हा शब्द त्यासाठीच असतो. या सवयीचा मला कधी त्रास झाला नाही. पुढे तो दोन गावांना झाला.

दैनिकाचे संपादकीय काम नागपूरला हलले तेव्हा मी नोकरी सोडली आणि कुरखेड्याला एका लहान संस्थेत नकाशांच्या कामाला लागले. पानासाठी नकाशे करता करता प्रोग्रॅमिंग शिकले होते. शिकवायला कोणी नव्हते. पण या कामात चूक लगेच दिसते, त्यामुळे शिकता आले.

संस्था ग्रामसभांसाठी काम करत होती. ज्या गावांना त्यांच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळतो, त्यांना जंगलाचा आराखडा करावा लागतो, आणि आराखड्याला हद्दीचा नकाशा लागतो. हद्द गावाने स्वतः चालायची असते. दहा-बारा माणसे मोजणीचे यंत्र हातात घेऊन जंगलाच्या कडेकडेने जातात आणि यंत्र दर थोड्या अंतरावर जागा टिपत जाते. ती टिपणे संगणकात घेतली की पडद्यावर ठिपक्यांची एक वाकडीतिकडी माळ उमटते. तिचा नकाशा करायचा.

यंत्र दाट झाडीत चुकते. एखादा ठिपका उडून शेजारच्या टेकडीवर जाऊन बसतो. माणसे पाणी प्यायला थांबली की त्या जागी ठिपक्यांचा गुंता होतो. हे हाताने निस्तरायला एका गावामागे तीन दिवस लागत. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो उडालेले ठिपके काढायचा, गुंते सोडवायचा, हद्द जोडायचा, क्षेत्रफळ काढायचा आणि मराठी अक्षरांत नकाशा छापायचा.

आम्ही वापरायचो ते नकाशांचे सॉफ्टवेअर मुक्त आहे. कोणीही घ्यावे, आतून उघडून पाहावे, त्यात भर घालावी. अशा भर घालणाऱ्या लहान प्रोग्रॅमना पॅकेज म्हणतात, आणि जगभरच्या लोकांची पॅकेजे एका सामाईक भांडारात ठेवलेली असतात. जिल्ह्याच्या कार्यालयाचा नियम होता की नकाशा या भांडारातल्या पॅकेजने काढलेला असेल तरच स्वीकारायचा. कोणाच्या घरच्या प्रोग्रॅमने काढलेले क्षेत्रफळ चालणार नाही. नियम योग्य होता. घरच्या प्रोग्रॅमने आत काय केले, ते दुसऱ्या कोणाला पाहता येत नाही.

तेव्हा माझा प्रोग्रॅम भांडारात जाणे भाग होते. तिथे शिरायची पद्धत लिहून ठेवलेली आहे. आधी भांडाराची आपली एक प्रत घ्यायची. तिच्यात एक शाखा काढायची, म्हणजे आपण काहीही केले तरी मूळ तसेच राहते. एका शाखेत एकच काम करायचे. प्रत्येक भागासाठी चाचणी लिहायची: अमुक दिले तर तमुकच आले पाहिजे. वापरणाऱ्यासाठी मदतीचे पान लिहायचे. प्रत्येक बदल नोंदताना तो काय आहे, हे एका ओळीत सांगायचे. सगळे झाले की हा बदल मूळ भांडारात घ्यावा, अशी विनंती टाकायची. विनंती टाकल्याबरोबर तिकडचा संगणक सगळ्या चाचण्या चालवतो आणि लाल किंवा हिरवी खूण करतो. हिरवी झाली की मग माणूस वाचायला बसतो.

यात मला अनोळखी काही नव्हते. मजकूर, प्रूफ, दुसऱ्याची नजर, मग पान. फरक एवढाच की दैनिकातल्या खोडाखोडीचे कागद रद्दीत जात. इथली प्रत्येक खोडाखोड कायम राहते आणि कोणालाही पाहता येते.

आमच्या पॅकेजचा परीक्षक दूर देशातला एक मृदाशास्त्रज्ञ होता. हे काम तो फावल्या वेळात, विनामूल्य करत असे. त्याचा आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही. माझी पहिली विनंती त्याने सतरा शेरे मारून परत पाठवली. मदतीच्या पानावर मी 'सुमारे' लिहिले होते. शेरा होता: 'सुमारे म्हणजे किती?' अकरा वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी मीटरमध्ये आकडा लिहिला. बदलांच्या एका ओळीच्या नोंदींबद्दल मात्र त्याने लिहिले की इतक्या नेमक्या नोंदी सहसा वाचायला मिळत नाहीत. मथळे लिहिण्याचा सराव तिथे कामी आला. चौथ्या फेरीला पॅकेज भांडारात गेले. कुरखेड्याहून तिथे गेलेले ते पहिलेच असावे. ऑफिसात कोणाला त्याचे फारसे काही वाटले नाही. मला वाटले.

त्या पॅकेजमध्ये एक भाग होता, जो लिहायला मला कोणी सांगितले नव्हते. शेजारशेजारच्या दोन गावांच्या हद्दी एकमेकींवर चढल्या, तर ती यंत्राची चूक धरायची आणि चढलेला भाग मधोमध कापून दोघांना अर्धा अर्धा द्यायचा. दोन प्रतींमधून एक करायची. त्याची चाचणी मीच लिहिली आणि ती हिरवी झाली.

नव्या पॅकेजने काढलेले पहिले दोन नकाशे एकमेकांना लागून असलेल्या दोन गावांचे होते. दोन्ही गावांमध्ये एक पहाडी आहे. एक गाव तिच्या उगवतीला, दुसरे मावळतीला. गावांची नावे इथे देत नाही. त्यामागचे कारण पुढे येईल.

उगवतीच्या गावचा नकाशा घेऊन मी स्वतः गेले. ग्रामसभेची सचिव ही चाळिशीतली शेतकरी बाई. धानाची शेती सांभाळून ग्रामसभेचे सगळे कागद तीच पाहायची. तिने नकाशा खाटेवर पसरला, चारही कोपऱ्यांवर हात फिरवला आणि बोट मावळतीच्या कडेला नेऊन थांबवले.

"पहाडी कुठी गेली?"

"ही काय, इथे आहे."

"हे अर्धी हाये. बाकीची?"

"बाकीची मावळतीच्या गावाकडे. दोन्ही गावांची हद्द एकमेकांवर येत होती, म्हणून मधून रेघ काढली."

"काऊन?"

"एकच जागा दोन गावांची कशी असेल?"

तिने बोट कडेवरून उचलले नाही. मग म्हणाली, "मॅडम, पहाडी आमची पूर्ण हाये. त्याईचीबी पूर्ण हाये. अर्धी कोनाचीच नाई."

मी यंत्राच्या चुकांबद्दल बोलू लागले. तिने ऐकून घेतले, आत जाऊन हद्द चालण्याची नोंदवही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. कोणत्या टप्प्यात कोण चालले, त्यांच्या सह्या आणि अंगठे तिच्यात होते. मोहाच्या झाडापासून नाल्यापर्यंत दहा माणसे, सगळी याच गावची. नाल्यापासून पहाडीला पूर्ण वळसा घालून परत नाल्यापर्यंत बारा. वाढलेले दोघे मावळतीच्या गावचे.

"आमी पहाडी चालतो तवा त्याईची दोन मानसं संगं रायते. ते चालते तवा आमची दोन. म्हनजे कोनी म्हनू नाई का चोरून चालले."

त्या पहाडीवर दोन्ही गावांच्या देवाची जागा आहे. बांबू दोन्ही गावे मिळून तोडतात. वणवा लागला तर ज्याला आधी दिसेल तो दुसऱ्याला हाक मारतो. त्यामुळे हद्द चालताना दोन्ही गावे पहाडीला पूर्ण फेरी घालतात. यंत्र चुकले नव्हते. नोंदवहीच्या त्या पानाचे फोटो माझ्याकडे महिनाभर होते. प्रोग्रॅमला ते लागत नव्हते, म्हणून मी वाचले नव्हते.

मावळतीच्या गावाला त्यांचा नकाशा त्याच दिवशी पोहोचला होता. त्याचा परिणाम आठवडी बाजारात कळला. सचिवबाई आणि मी भाजी घेत असताना मावळतीच्या गावचे एक वयस्क गृहस्थ समोर आले. तिथल्या ग्रामसभेत त्यांच्या शब्दाला वजन होते. सचिवबाईंचे माहेर त्याच गावात, आणि हे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ.

"या सचिवबाई. पहाडी वाटून घेतली म्हनते तुमी?"

"मी नाई वाटली, काकाजी. कम्प्युटरनं वाटली."

"कम्प्युटर तुमच्याच गावचा दिसते. आमच्याकडं तर लाइनच नाई रायत."

"ह्या उभ्या कम्प्युटरवाल्या. याईलेच इचारा."

काकाजींनी माझ्याकडे पाहिले. "तुमी चालल्या का पहाडी?"

"नाही."

"मंग कापली कशी?"

त्यांनी वांगी पिशवीत टाकली आणि सचिवबाईंना सांगितले की त्या कागदावर मावळतीच्या गावची सही होणार नाही. "आन् यंदा बांबूले आमची मानसं येनार नाई. अर्ध्या पहाडीवर कोन जाते?"

शेजारच्या गावाची सही असल्याशिवाय कोणत्याच गावचा आराखडा पुढे जात नव्हता. पण सचिवबाईंसाठी प्रश्न आराखड्यापुरता नव्हता. माहेरच्या गावात लोक म्हणू लागले होते की आमचीच लेक तिकडे जाऊन सचिव झाली आणि आमची अर्धी पहाडी घेऊन गेली. पुढचे काही आठवडे ती माहेरच्या वाटेला गेली नाही. मला तिने दोष दिला नाही. फक्त विचारले, "हे दुरुस्त व्हाले किती दिवस लागन?"

मी तेव्हा आठ दिवस सांगितले. उपसंपादकाने वेळ सांगताना नेहमी करायची ती चूक.

भांडाराच्या पद्धतीत दुरुस्ती ही पहिली पायरी नाही. पहिली पायरी तक्रार. आणि ती ज्याचे काम अडले त्याने लिहावी, असे मार्गदर्शक पानावर म्हटले आहे. सचिवबाईंनी फोनवर खाते उघडले. अर्जात तीन प्रश्न होते. तिने उत्तरे सांगितली आणि मी ती इंग्रजीत केली.

तुम्ही काय केले? 'पहाडीभोवती चाललो.' काय व्हायला हवे होते? 'पहाडी.' प्रत्यक्षात काय झाले? 'अर्धी पहाडी.'

मी पाहिलेल्या तक्रारींमध्ये इतकी नेमकी दुसरी नाही. परीक्षकाचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. एका नकाशात दोन क्षेत्रे एकमेकांवर चढता कामा नयेत, हा भांडाराचा मूळ नियम आहे. तीच जमीन दोनदा मोजली गेली तर जिल्ह्याची बेरीज चुकते. मी त्यावर दोन पानांचा खुलासा पाठवला: देव, बांबू, वणवा, सगळे. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते. 'हे समजले. पण मुद्दाम चढलेली हद्द कोणती आणि चुकून चढलेली कोणती, हे प्रोग्रॅमला कसे समजेल?'

प्रश्न बरोबर होता. मी तीन दिवस वेगवेगळे उपाय करून पाहिले. चढलेला भाग किती मोठा, हे पाहिले. कधी चुकीनेही मोठा भाग चढतो. उंची पाहिली, सगळ्या सामाईक जागा पहाडीवर नसतात. चौथ्या दिवशी मी तो प्रश्न जसाच्या तसा सचिवबाईंसमोर ठेवला. ती अंगणात मोहाची फुले वाळत घालत होती. तिने वरही पाहिले नाही.

"दुसऱ्या गावची मानसं संगं होती का, ते पाहा. होती तर सामाईक. नाई तर चूक."

"आणि एका गावाने साक्षीदार घेतले, दुसऱ्याने घेतले नाहीत तर?"

"मंग भांडन हाये. ते कम्प्युटरनं सोडवू नाई. गावाले सांगावं."

माझ्या तीन दिवसांच्या कामाचा तो निकाल होता. नोंदवहीत साक्षीदारांचा रकाना आधीपासून होता. तो प्रोग्रॅमला वाचायला द्यायचा, एवढेच करायचे होते. दोन्ही बाजूंना साक्षीदार असतील तर तो भाग कापायचा नाही. 'सामाईक' म्हणून तिसरे क्षेत्र काढायचे. उगवतीचे, मावळतीचे आणि सामाईक. कोणतेही क्षेत्र दुसऱ्यावर चढत नाही, जमीन एकदाच मोजली जाते आणि भांडाराचा नियमही पाळला जातो. एका बाजूलाच साक्षीदार असतील तर प्रोग्रॅमने थांबायचे आणि दोन्ही गावांना विचारा असे सांगायचे. मी नवी शाखा काढली आणि जुन्या कापणाऱ्या भागाची ओळन् ओळ पुसली. नोंदीत लिहिले: 'साक्षीदार असलेली हद्द कापू नये.' परीक्षकाने खाली लिहिले की हा नियम कोणी सुचवला, त्यांना त्याच्यातर्फे नमस्कार सांगावा.

मी नमस्कार सांगितला. सचिवबाई म्हणाली, "सांगा त्याईले, हे माह्या आजीच्या आधीपासून हाये. आमी नाई सुचवलं."

पण काम संपले नव्हते. विनंती टाकण्याआधी नव्या नियमाने काढलेला नकाशा दोन्ही ग्रामसभांनी पाहावा, असे तिने ठरवले. मावळतीच्या गावात निर्णय मते मोजून होत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत विषय चालतो. एक जरी नाही म्हणाला तर विषय बाजूला ठेवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा घेतात. नकाशा भिंतीला लावला. उगवतीचे जंगल हिरवे, मावळतीचे पिवळे, पहाडी पांढरी. लोक पाहत होते. काकाजी उठून जवळ गेले.

"हे पांढरं कोनाचं?"

"दोन्ही गावांचं," मी म्हणाले.

"कुठी लिवलं?"

खाली 'सामाईक' लिहिले होते. ते मी दाखवले.

"गावाचं नाव कुठी हाये? ज्या जंगलावर कोनाचं नाव नाई, ते कोनाचं होते, तुमाले मालूम हाये का?"

मागून कोणीतरी उत्तर दिले, "सरकारचं," आणि बाया हसल्या. काकाजी हसले नाहीत. "अर्धी होती ते बरी होती. आता तर पूर्णच गेली."

विषय पुढच्या सभेवर गेला. परतताना सचिवबाई माझ्या गाडीवर मागे बसली होती. गावाबाहेर आल्यावर तिने मान पुढे केली. मग म्हणाली, "काकाजी खरं बोलले." मलाही ते आवडले नव्हते, आणि मलाही ते पटले होते.

पॅकेजमध्ये प्रत्येक क्षेत्राला मालकाचा एक रकाना होता आणि त्यात एकच नाव मावत होते. भांडारातल्या बाकीच्या पॅकेजेसमध्येही तसेच होते. तो रकाना बदलून तिथे यादी ठेवावी लागली. सामाईक क्षेत्रावर दोन्ही गावांची नावे आणि दोन्ही रंगांचे आलटून पालटून पट्टे. साक्षीदारांचा नियम आणि नावांची यादी, हे दोन्ही बदल मी एकाच विनंतीत टाकले. परीक्षकाने ती परत केली: 'ही दोन कामे आहेत. दोन विनंत्या करा.' मी केल्या.

मग चाचणीसाठी खरी हद्द हवी होती. खरी पहाडी होतीच. पण भांडार साऱ्या जगाला उघडे असते. सचिवबाईंनी विचारले, "देवाची जागा जगाले काऊन दाखवाची?" दोन्ही ग्रामसभांचे मत तेच पडले. पहाडीचा आकार द्यायला हरकत नाही, ठिकाण नको. म्हणून मी पहाडी उचलून विषुववृत्तावरच्या समुद्रात ठेवली. लाल खूण आली. क्षेत्रफळ जुळेना. पृथ्वीवर वर-खाली सरकले की अंशांची लांबी बदलते, हे मला आठवायला अर्धा दिवस गेला. मग उत्तर-दक्षिण जराही न हलवता पहाडी सरळ पश्चिमेला नेली आणि अरबी समुद्रात ठेवली. क्षेत्रफळ जुळले. खूण हिरवी झाली. अजूनही ती तिथेच आहे. गावांची नावे मी लिहिली नाहीत, ती यासाठीच.

पुढच्या सभेत हे सांगावे लागले, कारण हद्द कुठे वापरली याचा हिशेब ग्रामसभेला द्यायचा होता. काकाजींनी विचारले, "समुद्रात? मंग बांबू कसा आनाचा?"

"इथलीच तोडा, काकाजी," सचिवबाई म्हणाली. "ते जगाले दाखवाची हाये."

"मंग चांगली दिसू द्या."

दोन्ही विनंत्या परीक्षकाने वाचल्या. या वेळी शेरे चार होते, त्यातले तीन मदतीच्या पानावर. चौथा होता की यादीत कोणाचे नाव आधी येणार? त्याचाही नियम लिहा. हा प्रश्न मी टाळला होता. दोन्ही सभांमध्ये तो विचारला. उगवतीचे लोक म्हणाले, त्याईचं आधी लिवा. मावळतीचे म्हणाले, त्याईचं लिवा. दोघांनाही मान द्यायचा होता की दोघेही एकमेकांना आजमावत होते, हे मी सांगू शकत नाही. शेवटी नियम ठरला: ज्या गावाच्या नकाशात पहाडी छापली जाईल, त्याने आपले नाव दुसरे लिहायचे. म्हणजे प्रत्येक नकाशात शेजाऱ्याचे नाव आधी. परीक्षकाने विचारले की हा नियम सगळ्यांना लागू करायचा का. मी लिहिले की ज्यांना नको असेल त्यांनी बदलावा, पण कोणी काही सांगितले नाही तर लागू होणारा नियम हाच असावा. त्याने मान्य केले.

बदल भांडारात गेले त्या दिवशी पॅकेजला नवा क्रमांक मिळाला. ज्यांनी काम केले त्यांच्या यादीत माझ्या खाली, गावांची नावे न देता, दोन ग्रामसभांची नोंद आहे. तिथल्या प्रथेप्रमाणे कोणी काय केले हे लिहायचे असते. त्यांच्यापुढे लिहिले आहे: 'नियम आणि चाचणी.' माझ्यापुढे: 'लेखन.' ही विभागणी मी स्वतः केली आणि ती अचूक आहे. दैनिकातल्या माझ्या अकरा वर्षांच्या कोणत्याही पानावर माझे नाव नाही. तशी पद्धतच नव्हती. या यादीत ते आहे, आणि चांगल्या लोकांच्या सोबत आहे.

जिल्ह्याच्या कार्यालयात नवे पॅकेज बसायला दोन आठवडे लागले. मग तिथूनच दोन्ही नकाशे छापून आले. आठ दिवसांचे सांगितलेले काम चौथ्या महिन्यात पूर्ण होत होते.

सह्यांची सभा मावळतीच्या गावात ठेवली. उगवतीकडून साक्षीदार म्हणून दोघांनी जायचे होते. सभेने सचिवबाईंना निवडले आणि तिच्याबरोबर एका शेतकऱ्याला. मी नकाशाची नळी घेऊन मागे होते. नकाशा जमिनीवर पसरला आणि त्याच्या कडेला दगड ठेवले. काकाजी उकिडवे बसले. पहाडीवरच्या पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवले, नाल्यापासून नाल्यापर्यंत, पूर्ण वळसा घालून. मग नावे वाचली. आधी उगवतीचे, मग स्वतःच्या गावचे.

"कोनाले काही बोलाचं हाये का?" त्यांनी सभेला विचारले.

एका म्हातारीने विचारले की देवाची जागा कुठल्या पट्ट्यात आली. काकाजींनी दाखवले. "दोन्हीत."

काकाजींनी सही केली. त्यांच्यामागे बाकीच्यांच्या सह्या आणि अंगठे झाले. सगळ्यांत खाली साक्षीदारांच्या जागेत सचिवबाईंनी नाव लिहिले. वडिलांचे नाव लिहू की सासरचे, असे तिने माझ्याकडे बघून विचारले नाही. काकाजींकडे बघून विचारले.

"दोन्ही लिव," ते म्हणाले. "जागा हाये."

भांडारातली तक्रार अजून उघडी होती. काम झाल्याची खात्री तक्रारदाराने करायची आणि तक्रार त्यानेच बंद करायची असते. परीक्षकाने तीन दिवसांपूर्वी विचारले होते की सगळे ठीक आहे ना. मी सचिवबाईंना तिच्या फोनवर ते पान उघडून दिले आणि बटण दाखवले. तिने बटणावर अंगठा नेला आणि थांबली.

"हे एकटीनं दाबाचं का?"

"तक्रार तुमची आहे."

"तक्रार गावाची हाये." तिने फोन वर धरला आणि सभेला विचारले, "बंद करू?"

लोकांनी हो म्हटले. तिने माना मोजल्या नाहीत, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, काकाजींवर थांबली, आणि ते म्हणाले, "कर बाई. आन् परवा बांबूले किती मानसं पाठवता, ते सांग."

"दहा," ती म्हणाली आणि बटण दाबले.